मातीच्या घराला वळचण लागते

लोक सुट्टीत मनालीला जातात, केरळला जातात आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना फोटो दाखवून बेजार करतात. आम्ही चाकणला गेलो. तिथून पुढे राजगुरुनगर आणि त्याच्याही पुढे भीमाशंकरच्या वाटेवरची एक वाडी, बस्स. निगडीहून निघालेला माणूस हे सगळं एका दिवसात उरकून रात्री घरी जेवायला येईल. आम्ही त्याला चांगले चार दिवस लावले. बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारलं, "चाकणला काय बघायचंय, कंपन्या?" मी म्हटलं, "घरं."

खरं तर घरं बघायला आमचे अशोकराव निघाले होते. मी निघाले होते मोडता घालायला.

अशोकराव म्हणजे माझा नवरा. आयुष्यभर कंपनीच्या पेंट शॉपमध्ये काढून गेल्या वर्षी निवृत्त झालेला, मूळचा कळंबकडचा. राजगुरुनगरच्या थोडं पुढे आमचा एक लहानसा प्लॉट पडून आहे. निवृत्तीनंतर लोकांना देवधर्माचं किंवा नातवंडांचं वेड लागतं, यांना मातीच्या घराचं लागलं. तिथलीच माती, तिथलाच दगड, सिमेंट जमेल तेवढं कमी. दिवसभर मोबाईलवर जगभरातली मातीची घरं बघत बसायचे. वाळवंटातली, बर्फातली, पावसातली. झोपेतही भिंती बांधत असावेत, कारण सकाळी उठायचे ते दमून.

"पाडव्याला पाया धरला तर पावसाच्या आधी भिंती वाळतील," एक दिवस ते म्हणाले. "नाहीतर वर्ष गेलं. आणि तू नाही म्हणालीस तर विषयच बंद. प्लॉट विकून टाकू. पण एकदा बघ तरी, सुनंदा." हे इतक्या हळू आवाजात म्हणाले की मी मुकाट्याने बॅग भरली.

आता माझं सांगते. मी पिंपरीच्या वस्तीत वाढले. आमची पहिली खोली मातीची होती आणि तिची जमीन दर आठवड्याला आई सारवायची. शेण आणायला मी जायचे, मागच्या गोठ्यात, टोपली घेऊन, शाळेतल्या मैत्रिणी भेटू नयेत म्हणून लांबच्या बोळातून. मग बाबा कंपनीत पर्मनंट झाले, विटा आल्या, आणि एक दिवस स्लॅब पडला. त्या दिवशी बाबांनी वस्तीभर पेढे वाटले. नोकरी पक्की, घर पक्कं. आमच्या घरात याहून मोठा शब्द नव्हता. आणि आता ज्यांनी जन्मात शेणात हात घातला नाही अशी माणसं मातीच्या भिंतीपुढे उभी राहून 'किती छान, किती नैसर्गिक' म्हणतात. मला राग येतो. येतो म्हणजे येतो.

चाकण

फाल्गुन संपत आला होता. स्कूटरवरून निघालो तेव्हा सकाळच होती, पण उन्हाला धार चढली होती. चाकणच्या कांद्याच्या मार्केटजवळ चाक बसलं. पंक्चरवाल्याच्या टपरीत आम्ही स्टुलांवर बसून राहिलो. समोरून कंटेनर जात होते, एकामागून एक, त्यातल्या काहींवर झाकलेल्या नव्या गाड्या. धूळ इतकी की पलीकडची बाजू पाण्यातून दिसावी तशी हलत होती. सगळीकडे कांद्याचा वास. मला तिथे बसल्या बसल्या पेंग आली. ट्रकच्या आवाजात झोप लागणारी मी एकटीच असेन.

दुपारी विठ्ठलभाऊंकडे जेवायला गेलो. हे यांच्या कंपनीतले जुने सोबती, औशाकडचे. मुलगा चाकणला कामाला आहे म्हणून आता तेही इथेच. पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक ओळ, त्यातल्या शेवटच्या दोन यांच्या. बाकीच्या खोल्यांचे पत्रे उन्हात पांढरे पडले होते. यांच्या पत्र्यावर मात्र उसाचं पाचट अंथरलेलं, त्यावर ओली पोती आणि त्या सगळ्यावर दुधी भोपळ्याचा वेल चढलेला. आत शिरलो आणि डोळ्यांपुढची झळ एकदम कमी झाली.

"वैनी, फुकटचा एसी हाय हा," विठ्ठलभाऊ म्हणाले. "दोन टायमाला पाणी मारायचं फक्त. शिफ्ट करून आलेलं पोरगं दिवसा झोपायला पायजे की नको?"

कमलवहिनींनी ज्वारीच्या भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी, वर तेल. भाकरी आमच्याकडेही होते, पण यांची हातावरची भाकरी अशी पातळ की तिच्यातून उजेड दिसेल. जेवण झालं आणि दोघे पुरुष माळवदावर घसरले. मला हा शब्द लग्नानंतर कळला. मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून घरावर उतरतं छप्पर नसतंच. लाकडं टाकायची, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, सपाट. तेच माळवद. खाली भर उन्हाळ्यात गारवा, आणि अंधार पडला की वर जाऊन झोपायचं.

"वाळवण तिथंच, भांडणं तिथंच," अशोकराव म्हणाले. त्यांचे डोळे मिटले होते.

"आन् गप्पा ह्या माळवदावरून त्या माळवदावर," विठ्ठलभाऊ म्हणाले. "खाली उतरायची गरजच न्हाई. आख्खं गाव वरच्या वर फिरायचं."

पत्रा तापून अधूनमधून टक् टक् वाजत होता. दोन म्हातारी होत चाललेली माणसं डोळे मिटून आपापल्या गावावरून चालत होती. मलाही क्षणभर वाटलं, आपणही वर आहोत.

तेवढ्यात कमलवहिनी म्हणाल्या, "भूकंपाचं कोन सांगायचं मग?"

दोघांनीही डोळे उघडले. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या सासूबाई अजून पत्र्याखालीच झोपतेत. डोक्यावर जड काय नको म्हणतेत. मातीच्या घराचं नाव काढलं की हात जोडतेत."

मोडता घालायला आलेल्या मला यापेक्षा काय हवं होतं? पण अशोकरावांचा चेहरा बघून मी गप्प बसले. संध्याकाळी स्कूटरवर ते एवढंच म्हणाले, "माळवद नाही करायचं. ते कळलंच होतं मला." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

राजगुरुनगर

स्टँडजवळच्या लॉजमध्ये उतरलो. उशीवर कुणाच्या तरी तेलाचा वास होता, पण खिडकीतून भीमेच्या बाजूची झाडी दिसत होती. सकाळी मिसळ खाल्ली. पुण्याची मिसळ चव दाखवते, ही घाम काढते. मग प्लॉटवर गेलो.

खूप दिवसांनी गेले मी तिथे. मधोमध आंब्याचं झाड आहे, ते मोहोराने भरलं होतं आणि मधमाश्यांचा आवाज खालच्या सावलीत साचून राहिला होता. पश्चिमेला डोंगर निळे, एकामागे एक, शेवटचा तर आकाशातच मिसळलेला. पूर्वेला सगळं पिवळं, उघडं, सपाट. आमचा प्लॉट बरोबर मध्ये. इथे माळवद वाहून जाईल एवढा पाऊस पडतो, पण डोंगरातल्यासारखा अंगावर कोसळत नाही.

सायली तिथेच भेटली. तिशीची, इंजिनिअर, रावेतची राहणारी. मातीची घरं बांधणं हाच तिचा धंदा. तिने खणून माती काढली, ओली केली, लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकला. लाडू चपटा झाला, पण फुटला नाही. मग अशोकरावांनी एक टाकला. मग आणखी एक. मला वाटलं आता हे दिवसभर लाडूच टाकत बसतात.

"माती चांगली आहे काकू," सायली म्हणाली. "थोडा चुना घालू. खाली गुडघ्याएवढं दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, त्यावर उतरतं कौलारू छप्पर. आणि वळचण मोठी ठेवायची. चांगली हातभर पुढे."

"वळचण नको," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, मी दिसण्याबद्दल बोलतेय. "वळचण नसली तर पागोळ्यांचं पाणी भिंतीवर येईल ना. दोन पावसाळ्यांत भिंत खाली बसेल."

"मग भिंत मातीची नको."

अशोकराव हातातला लाडू तसाच धरून उभे राहिले. सायली कधी त्यांच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. शेवटी म्हणाली, "विचार करा. मी परवा इथेच आहे. पण परवा ठरलं नाही तर या वर्षी मला जमणार नाही. माझं दुसरं काम सुरू होतंय."

दुपारी एका खानावळीत पिठलं-भाकरी समोर घेऊन मी त्यांना सांगितलं. माझे बाबा मावळातल्या गावचे. धो धो पावसाचा मुलूख, सगळी घरं उतरत्या छपरांची, छप्पर भिंतीच्या बाहेर आलेलं. त्या बाहेर आलेल्या छपराखालची जागा म्हणजे वळचण. पावसात काही निरोप घेऊन गेलं, काम मागायला गेलं, की आमच्या माणसांनी तिथे उभं राहायचं. आत यायचं नाही. पुढून पागोळ्यांची धार, मागे भिंत. भिंतीला पाठ टेकायची नाही. बाबा लहानपणी आजोबांचा हात धरून असे उभे राहिलेले. म्हणून त्यांनी पिंपरीत घर बांधलं तेव्हा गवंड्याला सांगितलं, स्लॅब भिंतीच्या एक बोट बाहेर काढायचा नाही. पावसात खिडकीतून पाणी आत यायचं, आई बडबडायची, पण बाबांनी शेवटपर्यंत वर पत्रा लावू दिला नाही.

अशोकराव ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण तसा विषयच निघाला नव्हता.

"आमच्याकडं वळचण नसतीच," ते म्हणाले. हळवे झाले की ते गावाकडचं बोलतात. "माळवदाला कुठली वळचण? आमाला उन्हातच हुबं करायचे. तुज्या बापाला सावली तरी होती म्हण की."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मलाही हसू आलं, आणि मग रडू आलं. वाढप्याने काही न विचारता आणखी दोन भाकरी आणून ठेवल्या.

भीमाशंकरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी आणखी पश्चिमेला गेलो. अशोकराव म्हणाले, "घराचं राहू दे, नुसतं फिरून येऊ." मला कळत होतं की हा डाव आहे, पण मी गेले. रस्ता चढत गेला तशी हवा बदलली. पळस फुलले होते. धरणाचं पाणी एका वळणावर दिसायचं, पुढच्या वळणावर गुप्त व्हायचं, मग भलत्याच बाजूला पुन्हा यायचं. कंपन्यांचे भोंगे, शिफ्टच्या बसेस हे सगळं खरंच आपण परवा बघितलं का, असं वाटायला लागलं.

वाडीतलं एक घर बघायचं सायलीने सुचवलं होतं. हौसाबाई नावाच्या बाईंचं, महादेव कोळी समाजातलं. भिंती कारवीच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा, की झाली हलक्या वजनाची भिंत. पावसाळा तोंडावर आला की बाहेरून गवताच्या पेंढ्या लावून घराला गोधडी पांघरायची. आणि छप्पर इतकं खाली आलेलं की आत जायला वाकावं लागतं. म्हणजे वळचण कसली, घराभोवती एक सबंध ओसरीच. तिथे सरपण रचलेलं, नांगर उभा केलेला, एका पाटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. हौसाबाई तिथेच सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"बसा की हितंच," त्या म्हणाल्या. "आत अंदार हाय."

मी उभीच राहिले. मग माझं मलाच विचित्र वाटलं आणि मी बसले, पाठ भिंतीपासून लांब ठेवून. बाहेर ऊन भाजत होतं आणि इथे छपराच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. मी विचारलं, "या वळचणीला पूर्वी कोण उभं राहायचं?"

"वळचणीला?" त्या आश्चर्याने बघायला लागल्या. "कोंबड्या."

अशोकराव खोकल्याचं निमित्त करून हसू दाबत होते. हौसाबाईंनी मग आमचं गाव विचारलं, मुलं विचारली आणि शेवटी विचारलं, "आडनाव काय म्हनलात?"

"कांबळे," मी म्हणाले.

सूप जरासं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. त्या थांबण्याचा अर्थ मी काढत बसले नाही. कदाचित खडा दिसला असेल. त्या म्हणाल्या, "च्या घ्याल न्हवं? दूध न्हाई, कोरा हाय. चला आत, चुलीपाशी बसू."

आत डोळ्यांना काही दिसेना. मग हळूहळू चूल दिसली, मडकी दिसली, कारवीच्या फटींतून आलेले उन्हाचे बारीक ठिपके जमिनीवर दिसले. जमीन सारवलेली होती. हात टेकला आणि तो गारवा हाताला आधी ओळखीचा वाटला, मला नंतर. चहा झाल्यावर हौसाबाईंनी "पडा जरा" म्हणून घोंगडी टाकली. मी घोंगडीवर नाही, जमिनीवरच आडवी झाले. पंखा नाही, आवाज नाही. स्वप्नात आई सारवत होती आणि तिचा हात फिरेल तिथे जमीन लांबत जात होती, पिंपरीतून निघून कुठल्या कुठे डोंगरापर्यंत, आणि तिला काही घाई नव्हती. इतकी गाढ झोप मला निगडीच्या फ्लॅटमध्ये कधी लागलेली आठवत नाही. उठले तेव्हा गालावर सारवणातल्या बोटांचे ठसे उमटले होते. अशोकराव शेजारी बसून होते.

निघताना हौसाबाईंना म्हटलं, "फार सुंदर सारवलंय."

"बोटं मोडत्यात," त्या म्हणाल्या. "पोराला फरशी टाक म्हनते, ऐकत न्हाई."

हे मला फार आवडलं. परतीच्या वाटेवर मी अशोकरावांना ते दोनदा ऐकवलं.

परत प्लॉटवर

शेवटच्या दिवशी सायली फक्कीचं पोतं घेऊन आली होती. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी, पायाच्या रेघा मारायला. पण तिने पोतं सोडलं नव्हतं. माझ्याकडे बघत उभी होती.

मी म्हटलं, "वळचण घाल. पण रस्त्याच्या बाजूला, माणूस पावसात पळत येऊन जिथे पहिल्यांदा शिरेल, तिथे मला दार पाहिजे. भिंत नको. वळचणीला आलेल्या माणसासमोर दार आलं पाहिजे."

"ती पावसाची बाजू आहे काकू. तिकडून झड आत येईल."

"येऊ दे. पुसू."

"छप्पर आणखी पुढे काढावं लागेल मग."

"काढ. खाली ओटा घाल. हे झोपतील त्याच्यावर, माळवदाऐवजी. आणि फरशी आतल्या दोन्ही खोल्यांना. सारवायची हौस असेल तर ओटा आहे, ह्यांनी सारवायचा."

"सारवतो की," अशोकराव म्हणाले. त्यांना त्या क्षणी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी केलं असतं.

दुपारपर्यंत रेघा मारून झाल्या. सुतळी ताणायची, फक्की सोडायची. पांढऱ्या रेघांचं एक घर जमिनीवर उमटलं. आंब्याच्या खोडाला वळसा घालून एक खोली, तिच्या पलीकडे दुसरी, बाहेरून सगळीकडे वळचणीची तुटक रेघ. रस्त्याच्या बाजूला दारापुरती जागा मोकळी. सायली गाडीत पाणी प्यायला गेली. अशोकराव आणि मी त्या रेघांतून हिंडत राहिलो. ते मला "ही खिडकी, इथून डोंगर" असं दाखवत होते आणि मी हो म्हणत होते. मोहोर गळून रेघांवर पडत होता.

तेवढ्यात रस्त्याने एक बाई आली. डोक्यावर घासाचा भारा, हातात विळा, घामाने भिजलेली. आंब्याच्या सावलीला टेकायचं म्हणून ती वळली असावी, पण रेघा दिसल्या आणि तुटक रेघेबाहेरच, उन्हात, थांबली.

"घर हाय व्हय?" तिने विचारलं.

"होय," मी म्हटलं. "या ना आत, सावलीत बसा."

"रेघ पुसंल की."

"दारातून या. हे बघा, इकडे दार आहे."

तिने भारा खाली टाकला. मोकळ्या जागेपाशी आली, पायांतल्या वहाणा काढल्या, एकीला एक लावून रेघेबाहेर ठेवल्या आणि मगच आत पाऊल टाकलं.

मी मघापासून त्या घरात चपला घालून हिंडत होते. मी दारातून बाहेर गेले, तिच्या वहाणांशेजारी माझ्या चपला काढल्या आणि आत आले.